हुकमावर सही कुणाची

माझं आणि बायकोचं भांडण सुरू झालं, की खालच्या मजल्यावर रेडिओ मोठा व्हायचा.

पहिल्या वेळी आम्हाला वाटलं, घरमालकीण चिडली. मी उदगीरहून कर्नाटकातल्या भालकीच्या मराठी शाळेत मास्तर म्हणून नुकताच आलो होतो. तिच्या वरच्या दोन खोल्या घेऊन आठवडाही झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी माफी मागायला खाली गेलो. ती उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती. म्हणाली, "माफी कामून मागायलाव, सर? तुमच्या घरातलं माझ्या कानावर पडू ने म्हणून मी रेडिओ लावते. फक्त काल लई वेळ लावावा लागला. सेल संपले."

सगळं गाव तिला टेलिफोनअक्का म्हणायचं. टेलिफोन खात्यात तिची तीसेक वर्षांची नोकरी झाली होती. नोकरीची सुरुवात हातानं लाइन जोडायच्या काळातली, समोर बोर्ड, बोर्डाला भोकं, हातात दोऱ्या आणि कानाला हेडफोन. त्या हेडफोननं डाव्या कानावरचे केस विरळ झाले होते ते अजूनही तसेच. उंच, काटकुळी, अंगावर कायम निळ्या काठाची सुती साडी. तिच्या आईवडिलांनी धम्म घेतला तेव्हा ती लहान होती. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या बापानं दोन्ही पोरींना शाळेत घातलं. थोरली सातवीत थांबली, ही मॅट्रिक झाली. मराठी, कन्नड, उर्दू आणि औरादकडचं तेलुगू, चारही भाषा तिला येत होत्या, आणि त्या जोरावरच नोकरी लागली. लग्न केलं नाही. थोरली बहीण नवऱ्याच्या माघारी तिच्याकडे राहायला आली आणि पुढे अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळली. तिचं न्हाणंधुणं, खाणंपिणं सगळं हीच करायची.

लाइन जोडली की कानावरचा हेडफोन काढायचा, हा तिचा नेम. जोडून दिल्यावर ऐकत बसणारे ऑपरेटर तेव्हाही होते. गावात कुणाची सोयरीक मोडली, कुणाच्या घरी तार आली, हे त्यांना पोस्टमनच्या आधी कळायचं. हिला मात्र तीस वर्षांत गावाची एकही भानगड कळली नाही. नोकरी सुटली तरी हा नेम सुटला नाही. शेजारचं पोस्टकार्ड चुकून आमच्या दारात पडलं, तर ती ते पत्त्याच्या बाजूनं उचलायची आणि तसंच नेऊन द्यायची. दोन माणसं बोलत बसलेली असली तर दहा पावलं आधीपासून खोकायची. एकदा आम्ही बसवकल्याणला निघालो होतो. बसमध्ये पुढच्या बाकावरचा माणूस मोबाइलवर मोठमोठ्यानं बोलत होता. त्याचं बोलणं संपल्यावर हिनं त्याच्या खांद्याला हळूच हात लावला.

"अण्णा, तुमच्या सासऱ्याच्या मूळव्याधीचं मला कळालं. मी कान झाकले होते, पण तुमचा आवाज मोठा हाय. माफ करा."

तो माणूस हुमनाबादच्या फाट्यालाच उतरला. त्याला तिथंच उतरायचं होतं की नाही, कोण जाणे.

फोनवर बोलायची तिची एक ठरलेली रीत होती. फोन उचलला की "बोला, लाइन साफ हाय" म्हणायची. जुन्या ट्रंककॉलच्या हिशेबानं तीन मिनिटं झाली की समोरचा वाक्याच्या मध्यात असला तरी म्हणायची, "तीन मिनटं झाली. तोडते." आणि खरंच तोडायची. माझ्या सासूबाईंचा तिनं दोनदा फोन तोडला. तेव्हापासून माझ्या घरात तिच्याबद्दल जरा मतभेद होते.

तरुणपणीची एक गोष्ट ती फार मागे लागल्यावर सांगायची. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. एक फौजदार एक्स्चेंजमध्ये आला आणि म्हणाला, गावातल्या अमक्या पुढाऱ्याला ट्रंक आला की गुपचूप मलाही जोडून द्यायचा. हिनं एक कोरा कागद आणि टाक त्याच्यापुढे ठेवला.

"लिहून द्या. नाव, हुद्दा, कोणत्या हुकमानं ऐकायलाव ते, आणि खाली सही."

फौजदारानं कागदाकडे पाहिलं, चहा प्यायला आणि निघून गेला. महिन्याभरात हिची बदली औरादला झाली. ती म्हणायची, "तिथं मला तेलुगू चांगलं आलं. तोटा काय झाला?"

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती घडली तेव्हा अक्का सत्तरीला टेकली होती.

गावाबाहेरच्या तलावाची कडेची जमीन एका बड्या आसामीच्या गोदामाला द्यायचं वर घाटत होतं. त्या जमिनीवरून पाणी तलावात उतरायचं. तिथं भराव पडला असता तर दोन उन्हाळ्यांत तलाव गेला असता. अक्कानं अर्ज लिहिला, कन्नडात एक आणि मराठीत एक, आणि सह्या जमवायला लागली. मोर्चा नाही, घोषणा नाहीत. पिशवीत अर्ज आणि शाईचा पॅड घेऊन ती दारोदार जायची. माझ्याकडे तिनं शाळेच्या बाजूच्या दोन गल्ल्या सोपवल्या होत्या. एक दिवस मी कमलनगरला परीक्षेच्या कामाला गेलो असताना तिचा फोन आला. कामाचं बोलणं एवढंच झालं:

"सर, सोमवारी साहेबाकडं जायचंय. तवर तुमच्याकडच्या शंभर तरी गोळा करून ठेवा."

"ठेवतो, अक्का."

"तीन मिनटं व्हायलीत. तोडते."

त्या सोमवारी साहेब भेटलाच नाही, आणि पंधरा दिवसांनी तिला नोटीस आली. तिच्यामुळे सार्वजनिक शांततेला धोका आहे, तेव्हा तिला बीदर आणि कलबुर्गी दोन्ही जिल्ह्यांतून एक वर्ष तडीपार का करू नये, याचा खुलासा करावा. सोबत पुरावा म्हणून टाइप केलेली पानं जोडली होती. डाव्या बाजूला आमचं फोनवरचं मराठी बोलणं, उजव्या बाजूला त्याचं कन्नड भाषांतर. 'शंभर तरी गोळा करून ठेवा' याचं भाषांतर झालं होतं, शंभर गोळ्या तयार ठेवा. बंदुकीच्या. आणि 'तीन मिनटं व्हायलीत, तोडते' याचं झालं होतं, तीन मिनिटांत कापून काढते.

मी ते वाचून हसलो. हसता हसता डाव्या बाजूला माझं नाव दिसलं, पुढे शाळेचं नाव, माझा मोबाइल नंबर. हसू तिथंच थांबलं.

अक्का हसली नव्हती. चष्मा काढून ती म्हणाली, "सर, हे मी फक्त तुमच्याशी बोलले. तुमी कुणाला सांगितलं का?"

"नाही."

"मीबी न्हाई. म्हणजे लाइनवर तिसरा माणूस होता."

तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. घरात चोर शिरून गेल्याचं सकाळी कळावं, तसा.

कलबुर्गीला वकिली करणारे बसवकल्याणचे एक वकील तिच्या ओळखीचे होते. आम्ही त्यांना वकीलअण्णा म्हणायचो. शरणांच्या, म्हणजे लिंगायत संतांच्या, वचनांवर वाढलेलं घराणं, बोलणं मऊ, कामाला पक्के. पानं वाचून ते खुशीत आले.

"अक्का, ही केस अर्ध्या तासाची आहे. भाषांतर चुकलंय. गोळा करणं म्हणजे जमवणं. एवढं दाखवलं की नोटीस फाटली."

"ते दाखवायचं न्हाई," अक्का म्हणाली.

वकीलअण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी अक्काकडे.

"का नाही?" वकीलअण्णांनी विचारलं.

"कारण उद्या ते चांगला भाषांतरवाला ठेवतील. मग? बरोबर लिहिलं असतं तर त्यांना ऐकायचा हक्क होता का? चूक ऐकलं ही माझी तक्रार न्हाई, अण्णा. ऐकलं ही तक्रार हाय. हुकूम कुणी दिला, कोणत्या कारणानं दिला, सही कुणाची, एवढंच विचारायचं."

वकीलअण्णांनी तिला पुष्कळ समजावलं. कायदा तिच्या बाजूनं आहे हे त्यांनाही मान्य होतं. फोन ऐकायचा तर सार्वजनिक आणीबाणी हवी किंवा लोकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न हवा. हुकूम राज्याच्या गृहसचिवाचा हवा, त्यात कारण लिहिलेलं हवं, आणि तो बरोबर होता की नाही हे पुढे एका समितीनं तपासायला हवं. जिल्ह्यातल्या कुणा साहेबाच्या मनात आलं म्हणून ऐकता येत नाही. पण सरकार असले कागद सहज बाहेर काढत नाही. तो कागद पुढे आलाच नाही, कोर्टानंही तो मागितला नाही, तर अक्का तडीपार झाली असती. आणि ती गेली तर थोरल्या बहिणीला कूस कोण बदलून देणार, हा प्रश्न त्या खोलीत आम्हा तिघांनाही पडला होता. अक्का एवढंच म्हणाली, "थोरल्या बाईला मी विचारलंय. ती व्हय म्हणाली."

थोरलीला बोलता येत नव्हतं. ती पापण्यांनी होय-नाही सांगायची.

खुलाशाच्या दिवशी मी अक्काबरोबर गेलो. टेबलामागच्या साहेबानं तिला बसायला सांगितलं. माणूस उद्धट नव्हता. त्यालाच ते फोन ऐकायचे होते आणि त्यानंच ते चोरून ऐकायला माणूस बसवला होता, हे आम्हाला पुढे कळलं. अक्कानं कन्नडात विचारलं, "फोन ऐकायचा हुकूम दाखवता का?"

"अम्मा, तो गुप्त असतो."

"असू द्या. मी वाचत न्हाई. तुमी झाकून धरा. नुसतं हाय का, एवढं सांगा."

साहेब फायलीची नाडी बोटाला गुंडाळत बसला. मग म्हणाला, "तुम्ही जाऊ शकता." आठवड्याभरात तडीपारीचा हुकूम निघाला. वकीलअण्णा त्याच दुपारी कलबुर्गीच्या कोर्टात गेले आणि सुनावणी होईपर्यंत त्याला स्थगिती घेऊन आले.

आता माझं सांगतो, कारण ते लपवून अक्काचं सांगता येणार नाही. शाळेच्या संस्थेतून मला बोलावणं आलं. संचालकांनी चहा पाजला आणि म्हणाले, मास्तर, नोकरी टिकवायची असेल तर एक पत्र लिहून द्या. या बाईच्या कारवायांशी तुमचा संबंध नाही, फोनवर ती काय बोलत होती ते तुम्हाला कळलं नाही, एवढंच. बायको तेव्हा पाचव्या महिन्यात होती. मी पत्र लिहिलं. सही करायची बाकी ठेवली. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या बिलाचं बोलायला खाली गेलो आणि हातातले कागद अक्काच्या टेबलावर विसरून आलो. त्यात ते पत्र होतं.

लक्षात आलं तेव्हा शाळेतून पळत आलो. पत्र टेबलावर पालथं ठेवलेलं होतं आणि वर अडकित्ता. अक्का आत बहिणीला पेज भरवत होती. तिथूनच म्हणाली, "सर, तुमचं कायतरी ऱ्हायलंय. वारं सुटलं होतं म्हणून वजन ठेवलं. वाचलं न्हाई."

तिनं वाचलं नव्हतं, याची मला आजही खात्री आहे. वाचलं असतं आणि चार शब्द बोलली असती, तर मी कदाचित भांडलो असतो, बायकोचं कारण सांगितलं असतं. पण ती बहिणीला पेज भरवत राहिली. पत्र मी तिच्याच चुलीत घातलं. वर जाऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आपण भांडताना त्या बाईनं आजवर किती सेल जाळले असतील?" त्या दिवशी खाली रेडिओ लागायची गरज पडली नाही. दोन दिवसांनी मी वकीलअण्णांकडे जाऊन शपथपत्र दिलं. तो फोन माझा आणि अक्काचा होता, लाइनवर आम्ही दोघंच होतो, आणि ते बोलणं आम्ही तिसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

संस्थेनं मला काढलं नाही. वर्षभर सगळ्या परीक्षांच्या पेपरांचे गठ्ठे तपासायला माझ्याकडे पाठवले, एवढंच.

सुनावण्या तीन झाल्या. दर वेळी मी पहाटे उठून अक्काबरोबर कलबुर्गीची बस धरायचो आणि बायको थोरल्या बहिणीपाशी बसायची. पहिल्या तारखेला सरकारी वकिलांनी मुदत मागितली. दुसऱ्या तारखेला ते म्हणाले, हुकूम आहे, पण तो गुप्त आहे. न्यायमूर्ती म्हणाले, मग बंद पाकिटात आणा. मी एकटाच पाहीन.

तिसऱ्या तारखेला पाकीट आलं. कोर्टात गर्दी होती. भालकीहून लोक आपणहून आले होते. उसाच्या तोडणीचे दिवस असूनही दोन जीपगाड्या भरून शेतकरी आले होते. मागच्या बाकावर बीदरचे तीन-चार तरुण वकील नुसतं ऐकायला बसले होते. न्यायमूर्तींनी आधी टाइप केलेली पानं चाळली आणि मध्येच थांबले.

"मला मराठी येतं," ते म्हणाले. "गोळा करणं म्हणजे जमवणं. हे भाषांतर साफ चुकीचं आहे. वकीलसाहेब, तुम्ही हा मुद्दा अर्जात कुठंच घेतलेला नाही. का?"

वकीलअण्णा उठले. "माझ्या अशिलानं मना केलं."

न्यायमूर्तींनी अक्काकडे पाहिलं. ती उभी राहिली. पदर सारखा केला आणि कन्नडात शांतपणे म्हणाली, "भाषांतर बरोबर असतं तरी मी आलेच असते, साहेब."

न्यायमूर्तींनी मान हलवली आणि पाकीट फोडलं. आत एकच कागद होता. त्यांनी तो वाचला, उलटा करून मागची बाजू पाहिली, पुन्हा सुलटा केला. मग सरकारी वकिलांना जवळ बोलावून विचारलं, आणि ते आम्हाला स्पष्ट ऐकू आलं, "कारणाच्या रकान्यात 'वरीलप्रमाणे' असं लिहिलंय. वर तर काहीच नाही."

मग न्यायमूर्तींनी खालच्या सहीवर बोट ठेवलं.

"आणि ही सही? यांना असा हुकूम द्यायचा अधिकार कोणत्या नियमानं आहे?"

"माहिती घेऊन सांगतो, माय लॉर्ड."

"तीन तारखा झाल्या. आता मीच सांगतो."

निकाल त्याच दुपारी सांगितला, लेखी प्रत नंतर मिळाली. अधिकार नसलेल्या माणसानं, कारण न देता ऐकलेला फोन पुरावा म्हणून उभा राहू शकत नाही. तो काढला तर तडीपारीखाली काहीच उरत नाही. तडीपारी रद्द. ध्वनिमुद्रणाच्या आणि टाइप केलेल्या सगळ्या प्रती नष्ट करून तसं कोर्टाला लेखी कळवायचं. नागरिकाच्या बोलण्यात शिरायचा रस्ता कायद्यानं मुद्दाम अरुंद ठेवला आहे, आणि तो रुंद करायचा अधिकार कुठल्याही साहेबाच्या लेखणीला नाही, अशा अर्थाचा एक परिच्छेद होता. वकीलअण्णा तो वाचून दाखवताना दोनदा अडखळले आणि चष्मा पुसू लागले.

बाहेर पायऱ्यांवर लोकांनी अक्काला गराडा घातला. कुणीतरी हार आणला होता. तिनं तो वकीलअण्णांच्या गळ्यात घातला आणि शेतकऱ्यांना विचारलं, "सह्या किती झाल्या?" झालं असं होतं, की तडीपारीच्या बातमीनंतर लोक आपण होऊन सह्या करायला आले होते. दोन गल्ल्यांचा माझा गठ्ठा पिशवीत मावत नव्हता. पुढच्या सोमवारी अर्ज गेला तेव्हा तो हातगाडीवरून न्यावा लागला. नव्या आलेल्या साहेबानं तो उभं राहून घेतला. तलावाच्या जमिनीचा प्रस्ताव महिन्याभरात मागे गेला.

त्या दिवशी कलबुर्गीहून घरी पोचल्यावर अक्का चप्पलही न काढता थोरलीच्या खाटेशी गेली. बसली, तिचा हात हातात घेतला आणि सगळा निकाल पहिल्यापासून सांगितला, तारखा, पाकीट, वरीलप्रमाणे, सगळं. थोरलीच्या पापण्या एकसारख्या मिटत-उघडत होत्या. होय, होय, होय. माझी बायको दारात उभी राहून रडत होती आणि हसतही होती. मी बाहेर आलो. ते त्या दोघींचं बोलणं होतं.

पुढे भालकीत एक वेगळीच सवय रुजली. नळ तोडायला माणूस आला, टपरी उठवायला आला, की बायाबापड्यासुद्धा विचारायच्या, "हुकूम कुठंय? सही कुणाची?" काही अधिकाऱ्यांना याचा त्रास झाला. बरेचसे मात्र कागद घेऊन यायला लागले.

मला नंतर उदगीरला नोकरी मिळाली. दिवाळीच्या सुट्टीत पोरीला घेऊन मी अक्काला भेटायला जातो. मागच्या-मागच्या दिवाळीला गेलो, तेव्हा दुपारी दारात एक खासगी गाडी थांबली. उतरलेला माणूस मी लगेच ओळखला. नोटिशीचा खुलासा ऐकताना फायलीची नाडी बोटाला गुंडाळणारा तोच साहेब. केस पांढरे झाले होते. सरकार बदललं होतं आणि त्याला कुठल्याशा बिनकामाच्या जागी बसवलं होतं. तो ओसरीवर उभा राहून खालच्या आवाजात म्हणाला, "अम्मा, माझा फोन कुणीतरी ऐकतंय. माझ्या घरातल्या गोष्टी वर पोचतायत. तुमच्या निकालाची प्रत मिळेल का?"

माझ्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. अक्कानं मात्र त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "अर्ज आणलाय का?"

त्याला वाटलं ती टोमणा मारतेय. ती मारत नव्हती. तिनं कागद-पेन पुढं केलं. त्यानं नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, प्रत कशासाठी हवी ते कारण लिहिलं आणि खाली सही केली. अक्कानं अर्ज वाचला, कपाटातून निकालाची एक प्रत काढली आणि त्याच्या हातात दिली. तिनं पदरच्या पैशानं वीस प्रती काढून ठेवल्या होत्या. त्यातल्या तीनच उरल्या होत्या.

मी तिला आत बोलावून विचारलं, "अक्का, याला कामून दिली? यानंच तर..."

"वर नाव माझं हाय म्हणून निकाल माझ्या एकटीचा हाय का?" ती म्हणाली. "त्याच्या घरातबी माणसं बोलतच असतील की."

बाहेर आलो तर तो गेलेला नव्हता. गाडीत बसायचं सोडून ओसरीच्या पायरीवर बसला होता आणि चष्मा लावून वाचत होता. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. अक्कानं हातानंच त्याला थांबायची खूण केली.

"थांबा जरा," ती म्हणाली. "वाचू द्या त्यांना."